काका, बँक बुडाली तर?

‘कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतील. वर्षभरात बँक ऑफिसर व्हा!’ ही जाहिरात तुम्हीही कुठे ना कुठे वाचली असेल. फी भरायची, त्या फीसाठी कर्जही बँकच देणार. काही महिने वर्ग, काही महिने शाखेत उमेदवारी, आणि मग गळ्यात आयडी कार्ड! मी मास कम्युनिकेशनवाली. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये आमच्या बॅचमधल्या कितीतरी जणांच्या मीडियातल्या नोकऱ्या सुरू होण्याआधीच संपल्या. त्यात मीही होते. म्हणून २०२१ मध्ये एका खासगी बँकेच्या अशाच प्रोग्रॅमला नाव घातलं. आईला आकाश ठेंगणं झालं. मुलगी पत्रकार आहे हे स्थळांना सांगायचं कसं, हा तिचा प्रश्न एका झटक्यात मिटला होता.

ट्रेनिंग बरंचसं लॅपटॉपवरच झालं, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं. केवायसी, चेकवरची सही ताडून बघणं, मेकर-चेकर. म्हणजे एकाने एन्ट्री करायची, दुसऱ्याने तपासून मंजूर करायची. तिजोरीच्या किल्ल्या दोन, त्या दोघांकडे. कुणाही एका माणसाच्या भरवशावर पैसा सोडायचा नाही, असा एकूण हिशेब. पत्रकारितेच्या वर्गात ‘दोन सोर्स पाहिजेत’ म्हणून ओरडणारे आमचे सर आठवायचे.

पोस्टिंग मिळालं पनवेलला. सकाळी चेंबूरहून हार्बरने उलट्या दिशेने जायचं. गर्दी सगळी मुंबईकडे, आणि मी खिडकीत ऐसपैस बसून वाशीच्या पुलावरून खाडी बघत निघालेय... नोकरीतलं हे एक सुख मात्र शेवटपर्यंत टिकलं.

पनवेल म्हणजे बँकवाल्यांसाठी सोन्याची खाण! एका बाजूला जुनं गाव, पिढ्यान्‌पिढ्यांचे दुकानदार. दुसऱ्या बाजूला रोज वाढणारे टॉवर. आणि आजूबाजूच्या गावांत जमिनीचा पैसा. आधी सिडकोसाठी, मग विमानतळासाठी जमिनी गेलेल्या. (तेच विमानतळ, जिथून पहिलं प्रवासी विमान उडायला डिसेंबर २०२५ उजाडला.) हा पैसा आपल्या शाखेत यावा म्हणून सगळ्या बँकांची धावपळ. रोज सकाळी शटर उघडायच्या आत ‘हडल’. काल किती खाती उघडली, आज विम्याचे किती ‘लॉगिन’ करणार, प्रत्येकाने आपला आकडा मोठ्याने बोलायचा. मेकर-चेकर गेलं कुठल्या कुठे.

पण मी रुजू झाले तो काळ पनवेलसाठी साधा नव्हता. इथल्याच कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने जून २०२० मध्ये निर्बंध घातले होते आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तिचा परवानाच रद्द केला. ९५ टक्के ठेवीदारांना ठेव विमा महामंडळाकडून पूर्ण रक्कम मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं होतं. आकडा म्हणून ठीक. पण काउंटरवर येणारा माणूस टक्केवारीत मोजत नाही हो. त्याला आठवतो तो उरलेल्या पाचांत अडकलेला मेहुणा.

असेच एक काका आले. एसटीतून रिटायर झालेले, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली कागदपत्रं. अठरा लाख ठेवायचे होते. व्याजाचा दर विचारलाच नाही. खुर्चीत बसले आणि म्हणाले, “पोरी, तुमची बँक बुडाली तर मला किती मिळतील?”

ट्रेनिंगमध्ये या प्रश्नाचं उत्तर होतं. ‘सर, आपली बँक खूप मोठी आहे’ असं म्हणायचं आणि हसायचं. पण त्याच ट्रेनिंगमध्ये ठेव विम्याचंही एक प्रकरण होतं. ते मी सांगितलं. एका बँकेत एका माणसाच्या सगळ्या शाखांतल्या ठेवी एकत्र धरतात आणि मुद्दल अधिक व्याज मिळून पाच लाखांपर्यंत संरक्षण असतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा एक लाखच होती, १९९३ पासून.

“म्हणजे तेरा लाख गेले?” काका.

मग मी कागदावर मांडून दाखवलं. काकांच्या एकट्याच्या नावावर साडेचार लाख, काकूंच्या एकटीच्या नावावर साडेचार. वर्षाचं व्याज धरूनही दोन्ही पाचाच्या आत. उरलेले नऊ लाख तसेच दोन भाग करून दुसऱ्या बँकेत. झाले अठरा.

तो कागद काका खिशात घालणार, इतक्यात आमचे मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. खुणेने सांगितलं, काकांना प्लॅन दाखव. प्लॅन म्हणजे विमा. मी ब्रोशर काढलं आणि त्यातल्या बारीक अक्षरातलंच वाचून दाखवलं. दहा वर्षं दरवर्षी हप्ता, मध्येच थांबलात तर भरलेलं सगळं परत नाही. काका एकसष्टीचे! त्यांनी ब्रोशर उलटं ठेवलं.

नऊ लाख आमच्याकडे आले, नऊ समोरच्या सरकारी बँकेत गेले. संध्याकाळी केबिनमध्ये बोलावणं. “बुडणं हा शब्द शाखेत काढायचा नाही. आणि आलेला पैसा तू रस्ता ओलांडून पोचवलास?” मी म्हटलं, सर, विचारलं त्याचं उत्तर दिलं. त्या तिमाहीच्या रिव्ह्यूत माझ्या नावापुढे ‘अपेक्षेपेक्षा कमी’ आलं. कन्फर्मेशन लांबलं. आणि फीच्या कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला पगारातून बिनचूक वळता!

मॅनेजरना खलनायक करायचं म्हटलं तर सोपं आहे. पण रात्री आठला त्यांना वरून फोन यायचा, स्पीकरवर असायचा, आणि तेही आपला आकडा मोठ्याने बोलायचे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्र्यांनीच बँकांना सुनावलं, की विमा गळ्यात मारणं थांबवा आणि मूळ कामाकडे बघा. तेव्हा मला पहिल्यांदा त्या स्पीकरफोनची आठवण झाली. तोवर मी बाहेर पडले होते. कर्ज फेडलं, मगच राजीनामा दिला. आता फ्रीलान्स. महिन्याला पगार किती, हे आईला सांगत नाही.

बॅचमधल्या तिघी अजून बँकेत आहेत. एक ब्रँच मॅनेजर झालीय. ती तिच्या नव्या मुलांना विम्याचा ‘फ्री लूक’ आधी शिकवते, म्हणजे पॉलिसी नको असेल तर ती परत करायची मुदत. पूर्वी साधारण पंधरा दिवस होती, २०२४ पासून तीस. आणि तिचं टार्गेट? ते विचारलं की ती विषय बदलते.

काकांचा फोन अजून येतो. एफडी संपत आली की हमखास. मागच्या वेळी म्हटलं, “काका, मी आता बँकेत नाहीये हो.”

“माहितीये. म्हणून तर तुला विचारतोय,” म्हणाले, आणि काकूंच्या पासबुकावरचा आकडा वाचायला लागले.