कुंडीतले लिंबू, मुंग्या आणि जयणा

आपल्या व्यापारी घरांत लिंबाच्या दोन जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेल्या आहेत. एक दुकानाच्या दारावर, मिरच्यांसह दोऱ्यात ओवलेली. दुसरी स्वयंपाकघरातील लोणच्याच्या बरणीत. सदनिकांच्या काळात त्याला तिसरी जागा मिळाली आहे, ती गच्चीतील कुंडीची. अठरा इंची कुंडी, तळाशी पाण्याचा निचरा, निम्मी माती, निम्मे कुजलेले शेणखत आणि दिवसाचे सहा तास ऊन एवढे मिळाले की कागदी लिंबाचे झाड आनंदाने वाढते. पुण्यातील आमच्या गच्चीवर दोन कागदी लिंबे आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या साई सरबती वाणाचे एक झाड आहे. बँकेतून सेवानिवृत्त झाल्यापासून माझी सकाळ त्यांच्या सहवासात जाते. त्यामुळे स्वामीवात्सल्याच्या पंगतीत किंवा उपाश्रयाच्या पायऱ्यांवर परिचित मंडळी मला एक प्रश्न हमखास विचारतात : लिंबावर मुंग्या लागल्या आहेत, काय करावे?

हा प्रश्न इतर घरांत केवळ बागकामाचा असतो. आपल्या घरांत तो तेवढ्यावर थांबत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांनुसार जीवांची चढती श्रेणी सांगताना तीन इंद्रियांच्या जीवाचे उदाहरण म्हणून मुंगीच दिली आहे. इरियावहियं सूत्रात जाता-येता पायाखाली आलेल्या जीवांची क्षमा मागताना मुंग्यांच्या घरांचा स्वतंत्र उल्लेख येतो. मारवाड, गुजरात, कच्छ येथून आलेल्या आपल्या पूर्वजांनी कीडियारूं घालण्याची रीत सोबत आणली. नारळात पीठ, साखर व तूप भरून तो मुंग्यांच्या वारुळापाशी ठेवण्याची ती रीत. एकीकडे वारुळाशी पीठ नेऊन घालायचे आणि दुसरीकडे आपल्याच कुंडीभोवती विषारी खडूची रेघ ओढायची, हा विरोध मनाला टोचतो. झाडही वाचावे आणि मनही स्वच्छ राहावे, असा मार्ग आहे का?

मार्ग शोधण्यापूर्वी मुंगी झाडावर कशासाठी येते, ते पाहिले पाहिजे. कर्जाचे खाते थकले की आम्ही प्रथम थकबाकीचा आकडा बाजूला ठेवून ती का झाली ते तपासत असू. येथेही तेच करावे. बहुतेकांचा समज असतो की मुंग्या लिंबाची पाने खातात. आपल्याकडच्या बारीक काळ्या मुंग्या पाने खात नाहीत. कोवळी पालवी उलटून पाहिली की खरा प्रकार दिसतो. पानाच्या मागे मावा, पांढरा कापसासारखा पिठ्या ढेकूण किंवा देठाला चिकटलेली खवले कीड बसलेली असते. हे कीटक झाडाचा रस शोषतात. त्या रसात साखर पुष्कळ आणि इतर पोषण अल्प असते. म्हणून ते भरपूर रस पितात आणि जास्तीची साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतात. मुंगी त्या गोड थेंबांसाठी येते.

आता या व्यवहारातील मुंगीची भूमिका पाहा. ती अडत्यासारखी आहे. माल माव्याचा, भांडवल झाडाचे आणि हिचा वाटा मधल्यामध्ये. त्या वाट्याच्या बदल्यात ती माव्याची राखण करते. मावा खाणारे ढालकिडे आले की त्यांना हुसकावते आणि किडीच्या अंगात अंडी घालणाऱ्या इवल्या गांधीलमाश्यांना टिकू देत नाही. राखण मिळाली की मावा वाढतो. उरलेला चिकटा पानांवर सांडतो आणि त्यावर काळी बुरशी चढते. नागपूर-अमरावतीकडील संत्रा बागायतदार अशा काळवंडण्याला कोळशी म्हणतात. काळवंडलेल्या पानाला ऊन मिळत नाही आणि झाड खंगते. तेव्हा मुंग्यांची रांग ही आतल्या दुखण्याची सूचना आहे. सूचना पुसून दुखणे जात नाही.

मुंगी ही लिंबूवर्गीय झाडांची सर्वत्र शत्रूच आहे, असेही नाही. पाने विणून घरटी करणाऱ्या लाल मुंग्या संत्र्यांच्या बागेत सोडण्यासाठी दक्षिण चीनमध्ये पिशव्यांतून विकल्या जात, अशी नोंद चौथ्या शतकातील मानल्या जाणाऱ्या एका चिनी ग्रंथात आहे. त्या मुंग्या फळे पोखरणाऱ्या किडींना दूर ठेवत, म्हणून बागायतदार त्या पैसे देऊन घेत. एकाच्या बागेत जी नुकसान करते तीच दुसऱ्याच्या बागेत राखणदार ठरते. म्हणून मुंगीला दोष देण्याऐवजी ती आपल्या झाडावर कोणत्या कामाला आली आहे, ते पाहावे.

गेल्या फेब्रुवारीत अंबे बहाराची पालवी फुटताच आमच्या साई सरबतीवर मुंग्यांची रांग लागली. मुलाने दुकानातून येताना फवारणीची बाटली आणली. शेजारच्या गृहस्थांनी खोडाला चिकट लेप लावण्याचा सल्ला दिला. दोन्ही उपाय परिणामकारक आहेत, हे मान्य. पण लेपात अडकलेली मुंगी तडफडून मरते, हेही तितकेच खरे. मी मुलाला म्हणालो, "बाटली पंधरा दिवस कपाटात राहू दे. तोवर मला माझ्या पद्धतीने पाहू दे." त्याने ते मान्य केले.

त्या पद्धतीत क्रमाला फार महत्त्व आहे. पहिला प्रश्न असा की मुंग्या बाहेरून येतात की कुंडीतच राहतात. खुरप्याच्या टोकाने कडेची माती अलगद हलवली, तर आत पांढरे कोष घेऊन धावपळ दिसली. मुंग्यांना घरासाठी कोरडी, भुसभुशीत माती लागते. म्हणून मी रोज सकाळी झारीने थोडे थोडे पाणी दिले, माती ओलसर राहील एवढेच. कुंडी एकदम पाण्यात बुडवली असती, तर घरटे पिल्लांसह बुडाले असते. शिवाय लिंबाच्या मुळांनाही चिखल सोसत नाही. पाचव्या-सहाव्या दिवसापासून मुंग्या कोष तोंडात धरून कठड्याच्या फटीकडे जाऊ लागल्या. दहा दिवसांत त्यांचे बिऱ्हाड हलले.

त्यानंतरच मी कुंडी तीन विटांवर उचलून पाणी भरलेल्या रुंद परातीत ठेवली. हे आधी केले असते, तर मुंग्या बेटावर कोंडल्या गेल्या असत्या. परातीच्या बाहेरच्या काठावर जाड सुती कापडाची पट्टी पाण्यात सोडली, म्हणजे एखादी पडलीच तर तिला काठावर परत चढता यावे. भिंतीला टेकणारी एक फांदी मागे बांधली, कारण एवढा एक पूल राहिला तरी सारी तटबंदी व्यर्थ. परातीतील पाणी एक दिवसाआड बदलले आणि परात कोरडी पुसली. नाहीतर डासांची उत्पत्ती होऊन नवी हिंसा आणि नवा आजार दोन्ही ओढवले असते.

शेवटचे काम माव्याचे. किडीने भरलेले दोन शेंडे कापून ते सोसायटीच्या कडेच्या रानगवतात नेऊन ठेवले. उरलेल्या पालवीवर सकाळी पानांच्या मागून साध्या पाण्याची हलकी धार मारली. काळवंडलेली पाने ओल्या फडक्याने पुसली. नत्राचे खत थांबवले, कारण जास्त नत्राने पालवी लुसलुशीत होते आणि माव्याला तीच आवडते.

या कामाकडे पाहत असलेल्या आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, मुंगीला वाचवलंत आणि माव्याला धुऊन काढलंत. मग हिशेब जुळला कसा?"

प्रश्न खरा होता आणि उत्तर सोपे नव्हते. चाळीस वर्षे ताळेबंद पाहिलेल्या माणसालाही ही बाकी शून्यावर आणता येत नाही. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाची ही अडचण ओळखूनच हिंसेचे चार प्रकार सांगितले : संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूने केलेली संकल्पी हिंसा श्रावकाने सोडावी. घरकाम, उद्योग आणि रक्षण यांत जी घडते ती जयणेने शक्य तितकी कमी करावी. धुतलेला मावा माझ्या खात्यावर जमा आहे, हे मी मान्य केले. मात्र विषारी फवाऱ्याने मावा, मुंगी, ढालकिडा आणि फुलावर आलेली मधमाशी यांच्यात भेद केला नसता. माझ्या खात्यावरची बाकी निदान कमी आहे आणि ती कोणाची आहे, ते मला ठाऊक आहे. सौ. म्हणाल्या, "म्हणजे संध्याकाळच्या प्रतिक्रमणात ही नोंद घ्यायची." मी होकार दिला.

मार्च सरता सरता पानांवर काळे ठिपके असलेले नारिंगी ढालकिडे दिसू लागले. राखणदार हटल्यामुळे त्यांना वाट मोकळी झाली होती. पुढचे काम निसर्गाने आपल्या नियमाने केले. फवारणीची बाटली न उघडता परत गेली आणि दुकानदाराने पैसे दिले. श्रावणात त्या झाडाची चौदा लिंबे उतरली.

वाचकांपैकी ज्यांच्या कुंडीत सध्या रांग लागली असेल, त्यांनी एवढे करावे : आज पाने उलटून पाहावीत, उद्या माती तपासावी आणि मगच हात उचलावा. या पाहण्यात दोन दिवस जातील, पण झाड दोन दिवसांत मरत नाही. जयणा म्हणजे तरी दुसरे काय? हालचाल करण्यापूर्वी तिथे कोण राहते, ते पाहून घेणे.