नववे घर

साहित्याच्या इतिहासात ‘पहिले’ या शब्दाला आपण गरजेपेक्षा जास्त मान देतो. मराठीतील पहिली कादंबरी कोणती, या प्रश्नाचे उत्तर पदवीचा कोणताही विद्यार्थी तत्काळ देतो : बाबा पदमनजी यांची ‘यमुनापर्यटन’, १८५७. तिच्यामागून त्याच वाटेने कोण गेले, हा पुढचा प्रश्न मात्र अवघड आहे. विधवांच्या स्थितीविषयीच्या या कादंबरीपाठोपाठ आली ती लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ (१८६८). त्यांची वाट अद्भुताची आणि योगायोगांची. सामाजिक वास्तवाचा धागा हरिभाऊ आपट्यांनी ‘मधली स्थिती’मध्ये (१८८५) हाती घेतला, तोवर जवळजवळ तीन दशके उलटली होती. कालक्रमाने पहिली ठरणारी कृती परंपरेतही पहिली असते असे नाही. कालक्रम पंचांगातून मिळतो. परंपरा वाचणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी घडवावी लागते.

हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात पुन्हा घोळतो आहे तो एका कादंबरीमुळे नव्हे, एका तबकडीमुळे. चरणजित सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. गिटार आणि सिंथेसायझर ही त्यांची वाद्ये. संगीतकार कोणीही असो, त्याच्या ध्वनिमुद्रणाला जाऊन समोर ठेवलेले वाजवायचे आणि मानधन घेऊन घरी यायचे, अशा व्यवसायातला हा माणूस. १९८२ साली त्यांनी एच.एम.व्ही.साठी ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट’ ही तबकडी केली. भैरव, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग. प्रत्येकी साधारण पाच मिनिटांचे. साथीला तबला नाही, तानपुरा नाही. रोलँड या जपानी कंपनीची तीन यंत्रे आहेत : सुरावटीसाठी ज्युपिटर-८, खर्जासाठी टीबी-३०३ आणि ठेक्यासाठी टीआर-८०८. ‘कुर्बानी’नंतर (१९८०) हिंदी चित्रपटात डिस्कोची लाट आली होती, त्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, एवढीच यामागची कल्पना. तबकडी फारशी खपली नाही आणि विस्मरणात गेली.

२००२ साली एदो बाउमान या डच संग्राहकाला तिची एक प्रत दिल्लीत मिळाली. २०१० साली त्याने ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या संस्थेतर्फे ती नव्याने काढली आणि इलेक्ट्रो, टेक्नो अशा यंत्रांवर रचलेल्या नृत्यसंगीताच्या जगात खळबळ उडाली. कारण स्पष्ट होते. शिकागोच्या ‘फ्यूचर’ या गटाचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ १९८७ साली आले आणि टीबी-३०३च्या पिळवटलेल्या, चिवट खर्जावर उभ्या असलेल्या ‘अ‍ॅसिड हाउस’ या प्रकाराचा आरंभ तिथे मानला जातो. इथे तर तोच आवाज पाच वर्षे आधी, मुंबईत, भैरव आणि तोडीच्या सुरांखाली वाजत होता. ही बनावट असावी, युरोपातल्याच कुणा खोडकर कलावंताने जुने आवरण चढवून ती रचली असावी, अशीही शंका व्यक्त झाली. मुंबईत १९८२ साली असे काही घडू शकते यावर विश्वास ठेवण्यापेक्षा काहींना ती शंकाच अधिक सोपी वाटली.

शंका मावळल्यावर गौरव सुरू झाला. पण या गौरवातही मला एक अडचण जाणवते. ‘अ‍ॅसिड हाउसचा अज्ञात जनक’ असे म्हणताना आपण त्या तबकडीला शिकागोच्या मापाने मोजतो. तिचे महत्त्व तिच्यात काय आहे यावर ठरत नाही. तिच्यानंतर दुसरीकडे, तिला न ऐकता जे घडले त्यावर ठरते. शिकागोच्या त्या तरुणांनी बाजारात पडलेले, उत्पादन थांबलेले एक स्वस्त यंत्र घेतले आणि त्याच्या कळा पिळत आपला आवाज शोधला. त्यांच्या शोधात मुंबई कुठेच नव्हती. ज्याचा वंश चालला नाही त्याला पूर्वज म्हणायचे, हा इतिहासलेखनातला शिष्टाचार झाला. त्यातून ऐकणे घडत नाही.

मग ही तबकडी ऐकायची कशी? मला वाटते, ठेक्यापासून सुरुवात करावी.

टीआर-८०८वर ठेका वाजवायचा नसतो, मांडायचा असतो. यंत्राच्या तोंडावर सोळा बटणे एका ओळीत आहेत. ती सोळा घरे. ज्या घरात आघात हवा ते बटण दाबून ठेवायचे, मग यंत्र पहिल्या घरापासून सोळाव्यापर्यंत जाते आणि न थकता पुन्हा पहिल्यावर येते. सोळा म्हटले की आपल्याला त्रिताल आठवतो. साम्य वरवरचे आहे : डिस्कोच्या गतीत ही सोळा घरे सुमारे दोन सेकंदांत संपतात, त्रितालाचे आवर्तन मध्य लयीतही त्याहून बरेच लांब असते. तरीही एक गोष्ट नजरेतून सुटत नाही. डिस्कोचा मुख्य आघात पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि तेराव्या घरात पडतो. त्रितालाचे चार विभागही याच मात्रांवर सुरू होतात. पहिलीवर सम, पाचवीवर आणि तेरावीवर टाळी आणि नववीवर खाली. गायक हात उलटा करतो, डग्ग्याचा घुमार काही मात्रा मिटतो, आणि आवर्तन अर्धे सरले हे ऐकणाऱ्याला आघाताच्या अभावातून कळते. यंत्राच्या नवव्या घरात मात्र आघात आहे. पहिल्याइतकाच, तेवढ्याच वजनाचा. तिथे खाली नाही.

या तबकडीतला खरा ताण मला इथे दिसतो. वरची सुरावट हाताने वाजवलेली आहे. रागाचे चलन वाजवणाऱ्याच्या बोटांत मुरलेले आहे, ती बोटे थांबतात, रेंगाळतात, मींड घेतात. खालचे टीबी-३०३ हे यंत्रही एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरू शकते, म्हणून ते रागाला परके वाटत नाही. पण त्या घसरणीला लागणारा वेळ यंत्राने आधीच ठरवलेला असतो. मींड किती लांबवायची हे गायकाच्या मनावर असते, इथे ते विद्युत्मंडलावर आहे. म्हणजे राग श्वास घ्यायला जागा शोधतो आणि ठेका ती देत नाही. भैरवातला आंदोलित ऋषभ आणि त्याच्याखालचा निर्विकार आघात एकत्र ऐकताना ही ओढाताण जाणवते. ‘राग अधिक डिस्को’ अशी ही बेरीज नाही. काळ मोजण्याच्या दोन रीती इथे एकाच खोलीत कोंडलेल्या आहेत.

यंत्राचा ठेका म्हणजे काय, हे मला पुस्तकांआधी घरात कळले. माझे वडील परळच्या एका गिरणीत साचा खात्यात होते. शेकडो मागांच्या गदारोळात माणसे ओठांच्या हालचालींवरून एकमेकांशी बोलत, आणि तरीही आपल्या मागाचा आवाज जरासा बदलला तर तो विणकराला वेगळा ऐकू येई, हे त्यांनी अनेकदा सांगितले आहे. ही तबकडी मी घरी लावली तेव्हा त्यांनी यमन सरेपर्यंत शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “याचा धोटा कधी अडकत नाही का रे?” मी नाही म्हणालो. “मग याच्यापाशी माणूस कशाला उभा राहील?” एवढे बोलून ते उठले. समीक्षेची भाषा ज्यांच्या वाट्याला आली नाही त्यांनी प्रश्न नेमका विचारला होता. मागाला माणूस लागतो तो चालण्यासाठी नव्हे, अडकण्यासाठी. धागा तुटतो, माग थांबतो, त्या क्षणी विणकर विणकर असतो. ताल धरणाऱ्यालाही खालीत हेच करावे लागते. जिथे आघात नाही तिथे मनात मात्रा मोजत उभे राहावे लागते.

१९८२ हे साल गिरणगावाला वेगळ्या कारणाने पाठ आहे. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि बहुतेकांसाठी तो संप कधी संपलाच नाही. ज्या वर्षी माग थांबले त्याच वर्षी या शहरात यंत्राच्या ठेक्याची ही तबकडी मुद्रित झाली. योगायोग मोहात पाडणारा आहे, पण त्यांत कार्यकारण नाही. टेक्नोच्या जन्मकथेत असे नाते सांगितले जाते. वान अ‍ॅटकिन्स आणि त्यांच्या सोबत्यांचे डेट्रॉइट हे ओसरत्या मोटारउद्योगाचे शहर होते, आणि रिकाम्या कारखान्यांच्या सावलीत यंत्रांचे संगीत घडले ही कथा सर्वत्र वाचायला मिळते. मुंबईत तसे घडले नाही. गिरणगावाने आपले दुःख मांडले ते शब्दांत आणि रंगभूमीवर. नारायण सुर्व्यांची कविता संपाआधीच उभी होती, आणि संपाने उद्ध्वस्त केलेले घर जयंत पवारांच्या ‘अधांतर’ने १९९७ साली रंगमंचावर आणले. सिंथेसायझर गिरणी कामगाराच्या आवाक्यातली वस्तू नव्हती.

नाते असलेच तर ते दुसरीकडे आहे. टीबी-३०३ हे यंत्र बाजारात आणले गेले ते खर्ज वाजवणाऱ्या गिटारवादकाची जागा भरून काढण्यासाठी, टीआर-८०८ हे तालवादकाची. चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात तेव्हा शेकड्याने वादक पोसले जात होते : गोव्याहून आलेले व्हायोलिनवादक, ढोलकी-तबल्याचे कलावंत, ब्रासवाले. १९९०च्या दशकात सिंथेसायझर आणि संगणकाने हा व्यवसाय मोडून काढला. त्याला संप झाला नाही, म्हणून त्याची तारीख सांगता येत नाही. ध्वनिमुद्रणाची बोलावणी हळूहळू कमी होत गेली, एवढेच. चरणजित सिंग याच वर्गातले होते. वादकाची जागा घेऊ पाहणारे यंत्र एका वादकाने स्वतःच्या पैशाने घेतले, तबला स्वतः वगळला, आणि त्या यंत्राला माळ्यावर टाकण्याऐवजी किंवा त्याला शरण जाण्याऐवजी त्याच्यावर तोडी वाजवली. मला या तबकडीचे मोल इथे वाटते. यंत्राशी वागण्याची ती एक रीत आहे. त्यात भविष्यकथन नाही, निषेधही नाही; ज्याला रोज काम करून जगायचे आहे अशा कसबी माणसाचे कुतूहल आहे.

हे कुतूहल टिकले ते तबकडीच्या जड देहामुळे, हेही नोंदवले पाहिजे. तबकडीत खर्ज कोरायला खाच रुंद लागते. म्हणून नाचगृहांसाठीच्या बारा इंची तबकडीवर एकेका बाजूला एखादेच गाणे असते. ‘टेन पर्सेंट’ हे गाणे १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये तसे विक्रीला आले आणि तो प्रघात पडला. नवे इलेक्ट्रो आणि टेक्नो आजही बरेचसे याच रूपात निघते. चरणजित सिंगांच्या मूळ एल.पी.त मात्र दोन बाजूंवर दहा राग दाटीने बसवलेले होते. तिची घडणच घरी ऐकण्याची. खपली नाही तरी ती कुणाच्या तरी कपाटात, रद्दीत, जुन्या मालाच्या दुकानात पडून राहिली आणि वीस वर्षांनी हाताला लागली. आज संगीत आंतरजालावरून वाहत येते. तिथे न ऐकलेली गोष्ट धूळ खात पडून राहत नाही, ती दिसेनाशी होते. काळा घोड्याचे ‘ऱ्हिदम हाउस’ २०१६ साली बंद झाले, त्याच वर्षी लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारातले ‘ब्लू फ्रॉग’ही. पण त्या परिसरात अशी नाचगृहे अजून आहेत, आणि शनिवारी रात्री तिथल्या भिंतींना यंत्राचा ठेका हादरे देतो. तिथे गेलेल्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी काहींना आपण गिरणीत नाचतो आहोत हे ठाऊक असते, काहींना नसते. त्यावरून त्यांना बोल लावावा असे मला वाटत नाही.

पुनर्मुद्रणानंतर चरणजित सिंगांनी सत्तरीत युरोपातल्या तरुण श्रोत्यांपुढे हे राग पुन्हा वाजवले. जुलै २०१५मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांना अखेरीस श्रोते मिळाले ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु ते श्रोते त्यांना एका परक्या वंशावळीत बसवून मिळाले. रागही ओळखणारा आणि यंत्रही ओळखणारा श्रोता या शहरातच असू शकतो, आणि त्याने अजून ही तबकडी पुरती ऐकलेली नाही. त्याने ती ‘पहिली’ म्हणून ऐकू नये. मालकंस लावावा, डाव्या हाताने मात्रा मोजाव्यात आणि नववीवर हात उलटा करून पाहावा. यंत्र तिथे आघात करील. त्या आघाताच्या वर सुरावट काय करते, ती त्याला जुमानते की त्याच्यापासून सरकते, एवढे कान देऊन ऐकले तरी तबकडीला तिचा स्वतःचा, उसना न घेतलेला श्रोता मिळेल.