कथा कोणाच्या तोंडून

कथा सुचते तेव्हा तिच्यात काय घडतं ते मला बहुतेक वेळा ठाऊक असतं. घोडं अडतं ते दुसरीकडेच. हे सांगणार कोण? लिहायला लागल्यापासून माझा जीव या एका प्रश्नात गुंतला आहे, आणि त्याची उत्तरं पुस्तकांनी दिली तितकीच घरानेही.

भास्कर चंदनशिवांची 'लाल चिखल' घ्या. टोमॅटोचा भाव कोसळतो आणि भर बाजारात बाप आपलाच माल पायाखाली तुडवतो. बापाने स्वतः सांगितलं असतं तर ते गाऱ्हाणं झालं असतं. आपण ते बघतो त्याच्या मुलाच्या नजरेने, आणि बापाचं हे रूप सोसायला त्या पोराइतकेच तोकडे पडतो. 'बनगरवाडी'त (1955) व्यंकटेश माडगूळकरांनी गोष्ट सोपवली धनगरांच्या वाडीत नव्याने आलेल्या कोवळ्या मास्तरावर. वाडीचं रोजचं जिणं त्याला नवं, म्हणून मेंढरं, ऊन, माणसांचं मोजकं बोलणं आपल्यालाही लख्ख दिसतं.

मला सर्वांत जवळची मात्र रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. बोराडे आमच्या लातूर जिल्ह्यातल्या काटगावचे. 1971 साली आलेली ही कादंबरी गरड शिंप्याची बायको पारबती सांगते, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत आपल्या बोलीत सांगते. संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाणभाषेत, ही वाटणी पुष्कळ ग्रामीण कथांत दिसते. तीत लेखकाला पात्रांपेक्षा जास्त कळतं, हे न बोलता ठरून जातं. इथे तसं नाही. पारबतीला कळतं तेवढंच पुस्तकाला कळतं. नवऱ्याचा ताठा घर बुडवतोय हे तिला दिसतं आणि त्याच्यावरची माया काही आटत नाही. मोंढ्यातली, बसस्टँडवरची, आमच्या स्वयंपाकघरातली बोली अख्खं पुस्तक पेलू शकते, ही खात्री मला 'पाचोळा'ने दिली. तिचं ऋण मी कधी विसरणार नाही.

2016च्या दुष्काळी उन्हाळ्यात मी शाळेत होते. मार्चमध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लागली, एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या फेरीत 10 वाघिणी, सुमारे 5 लाख लिटर पाणी. पेपर त्यानेच भरलेले. आजी टँकरवरून घरी यायची तेव्हा रेल्वेचं नावही काढायची नाही. ती सांगायची रांगेत आज कोण नव्हतं ते. "कोपऱ्यातल्या घरची घागर व्हती रांगेत, बाई न्हवती." एवढं बोलून पदराने मान पुसायची, आणि आम्ही विचारल्याशिवाय पुढे सरकायची नाही. दुष्काळाची गोष्ट न आलेल्या बाईपासून सुरू करता येते, हे मला दुसऱ्या कुणी शिकवलं नसतं.

सध्या डाळमिलची कथा हातात आहे. तूरडाळीच्या मिल लातुरात पुष्कळ. त्यांच्या भिंतीला लागून राहणारी घरंही पुष्कळ. आधी तटस्थ निवेदन लिहून पाहिलं: 'रात्री दोनच्या सुमारास मिल बंद पडली.' बातमी म्हणून वाक्य चोख आहे. मग डाळ निवडणाऱ्या बाईला बोलू दिलं. ती म्हणाली, "आवाज थांबला अन् मला जागच आली बघा." मिलच्या घरघरीत झोपायची सवय झालेल्या माणसाचंच हे बोलणं. त्यानंतर मालकाचं कर्ज, बाजारातली मंदी, सगळं काढून टाकलं. हे तिला कळायचं कारणच नाही. तिला कळलंय ते इतकंच, की मुकादमाने उद्या यायला सांगितलेलं नाही.

आता ती हे कुणाला सांगतेय ते ठरवायचं आहे. शेजारणीला सांगत असेल तर थकलेल्या रोजाचा आकडा खरा सांगेल. सुनेला सांगत असेल तर कमी करून सांगेल. माझा कल सुनेकडे आहे.