पट्टेरी मासा आणि आमचा गळ

ज्या ब्राह्मण घरांत मासा शिजत नाहीं अशा घरांतल्या मनुष्यानें हातीं गळ धरावा, ही गोष्ट आमच्या कांहीं वाचकांस रुचणार नाहीं हें आम्ही जाणून आहों. (सारस्वत वाचकांस यांत कांहींच नवल वाटणार नाहीं, हें वेगळें.) परंतु अमेरिकेंत न्यूयॉर्क राज्यांत हडसन नदीच्या कांठीं राहण्याचा योग आला, आणि वसंतऋतूंत कांठावर ओळीनें काठ्या रोवून तासन् तास मुकाट बसलेलीं माणसें दिसूं लागलीं, तेव्हां हीं माणसें कशाची वाट पाहतात हें जाणण्याची इच्छा झाली. बसल्यावांचून तें कळण्याजोगें नव्हतें.

हडसन ही नांवाची नदी. पण न्यूयॉर्क शहरापासून ट्रॉय गांवच्या बंधाऱ्यापर्यंत सुमारें १५० मैल तिच्यावर भरती-ओहोटीची सत्ता चालते. दिवसांतून दोनदां तिचें पाणी उलट वर चढतें. कोंकणांतील वाचकांनीं दाभोळची खाडी डोळ्यांपुढें आणावी, ती मैलच्या मैल लांबवावी आणि वरच्या अंगाचें पाणी गोडें करावें, म्हणजे कल्पना येईल. या पाण्यांत एप्रिल महिन्यापासून पट्टेरी बास नांवाचा मासा समुद्रांतून वर येऊं लागतो. अंग रुपेरी, आणि कुशीवर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा, जणूं मुलांच्या वहीचें पान. जन्म गोड्या पाण्यांत, वाढ खाऱ्या पाण्यांत, आणि अंडीं घालण्यास पुनः गोड्या पाण्यांत, असा त्याचा क्रम आहे. आपल्याकडील पाला याच रीतीचा. रायगडकडचा जिताडा नेमका उलट, तो अंडीं घालण्यासाठीं खाऱ्या पाण्याकडे उतरतो. पाण्याची उष्णता ६० अंश फॅरनहाइटच्या आसपास आली कीं अंडीं पडतात. तीं तळाशीं बसून चालत नाहीं. दोन-तीन दिवस प्रवाहानें त्यांना तरंगत ठेवावें लागतें, नाहींतर तीं गाळांत गुदमरतात. म्हणूनच या माशाला लांब, वाहती नदी हवी.

नवशिक्यास सामान थोडें लागतें. सात-आठ फुटांची काठी, दोरी गुंडाळण्याचें चाक, वीस-तीस पौंडांचा ताण सोसणारी दोरी, तळाशीं ठरण्यापुरतें शिसें आणि गळ. शिसें दोरीवर सरकतें ठेवतात, म्हणजे आमिष तोंडांत घेणाऱ्या माशाला त्याचें वजन जाणवत नाहीं. आमिष बहुधा हेरिंग माशाचा तुकडा. हेरिंगहि याच दिवसांत अंडीं घालण्यास नदींत येतो आणि पट्टेरी मासा त्याच्या मागोमाग येतो. सरकारदरबारीं नांव नोंदवावें लागतें. नोंदणीला पैसे पडत नाहींत.

आमच्या शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहतात. त्यांचें अर्धें आयुष्य या कांठावर गेलें आहे. त्यांनीं पहिला धडा वेळेचा दिला. पाणी भरतें आणि ओसरतें यांच्या मध्यें कांहीं वेळ तें थबकतें; त्या वेळीं मासाहि सुस्त असतो, आपण आपला चहा प्यावा. पाणी पुनः चालूं लागलें कीं सावध व्हावें. न्यूयॉर्क बंदरांतली भरती वरच्या गांवीं कित्येक तासांनीं पोंचते, म्हणून कोष्टक आपल्या गांवचें पाहावें.

दुसरा धडा कठीण. आमिष लावून हा मासा धरावयाचा तर २०२१ सालापासून वर्तुळाकार गळच वापरावा असा नियम आहे. साध्या गळाचें टोंक सरळ उभें असतें. याचें टोंक पोपटाच्या चोंचीसारखें आंत वळलेलें. साध्या गळाला मासा लागला कीं झटका देतात, आणि त्यानें आमिष गिळलें असेल तर गळ घशांत किंवा पोटांत रुततो. वर्तुळाकार गळाला झटका दिला तर तो तोंडांतून नुसता निसटून येतो. काठी वांकूं लागली कीं हात आवरावा, माशाला तोंड फिरवून जाऊं द्यावें, दोरी ताठ झाली कीं सावकाश चाक फिरवावें. गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यांत आपोआप बसतो. सारें शरीर 'ओढ, ओढ' म्हणत असतें, आणि शिकावयाचें असतें तें न ओढणें. नुकती मुंज झालेल्या बटूला प्राणायामांत श्वास रोखतांना असेंच होत असावें.

आमच्या गळाला पहिला मासा मे महिन्यांत लागला. दोरी आडवी धांवली, चाक किरकिरलें, आणि दहा मिनिटांनीं सव्वीस इंचांचें तें रुपेरी अंग कांठाशीं आलें. शेजाऱ्यांनीं आधीं हात भिजवावयास सांगितलें, कारण कोरड्या हातानें माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि त्याला रोग जडतो. पोटाखालीं हात देऊन त्याला पाण्यांत धरलें. कल्ले उघडूं-मिटूं लागले. एक फटकारा, आणि तो गेला.

ही हकीकत आम्हीं पुण्यास अक्काला फोनवर सांगितली. अक्का आमच्याहून अकरा वर्षांनीं वडील. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि विचारलें, "खायचा नाहीं, तर धरलास कशाला रे?" आम्ही म्हणालों, "सोडून दिला ना, अक्का." ती म्हणाली, "सोडलेले सगळे जगतात का?"

या प्रश्नाचें उत्तर छापलेलें आहे. येथील मत्स्यखात्यांच्या हिशेबांत सोडलेल्या शंभर माशांपैकीं नऊ पुढें दगावतात असें धरतात. पूर्व किनाऱ्यावर हौसेखातर धरलेल्यांपैकीं बहुतेक मासे परत सोडले जातात, म्हणून या नऊ-नऊंची बेरीज लहान होत नाहीं. हा मासा कमी होण्याचें भय नवें नाहीं. १६३९ सालींच मॅसॅच्युसेट्स वसाहतीनें तो शेतांत खत म्हणून टाकण्यास बंदी केली होती. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत तो इतका घटला कीं १९८४ सालीं खास कायदा करावा लागला; १९९५ सालीं तो सांवरला असें जाहीर झालें, आणि २०१९ सालीं पुनः फाजील घटल्याचें. हडसनमध्यें २०२४ पासून दिवसाला एकच मासा, तोहि २३ ते २८ इंचांचा, ठेवतां येतो. मोठ्या मादीच्या पोटांत लाखों अंडीं असतात, म्हणून तिला सोडावयाचें.

आम्हांस असें वाटतें कीं दिवसभर वीस मासे धरून सोडणारा शाकाहारी हा एक मासा धरून घरीं नेणाऱ्यापेक्षां पुण्यवान ठरत नाहीं. हिशेबानें त्याच्या पदरीं जवळजवळ दोन मृत्यु येतात, आणि ते कोणाच्या पानांतहि पडत नाहींत. आमच्या घरांतील तरुण मंडळींना हें पटत नाहीं. 'सोडणें तें सोडणें' असें त्यांचें म्हणणें. वादाला जेवणाची वेळ पुरत नाहीं.

तूर्त आम्ही असें ठरविलें आहे. नियमांत बसणारा पहिला मासा शेजाऱ्यांच्या चुलीकडे जातो आणि त्या दिवशींची दोरी गुंडाळली जाते. मोठा किंवा लहान लागला तर तो सोडावयाचा, पण असे दोन झाले कीं घरीं परतावयाचें. पाणी ७० अंशांवर गेलें कीं काठी कपाटांत, कारण ऊन पाण्यांत दमलेला मासा सांवरत नाहीं. शेजारीहि रोज मासा खात नाहींत. दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ पर्यंत पीसीबी नांवाचें विषारी द्रव्य या नदींत सुटत होतें, त्यापायीं १९७६ सालीं येथील या माशाची व्यापारी मासेमारी बंद झाली, आणि नदींतला मासा कोणीं किती खावा याचें आरोग्यखात्याचें पत्रक त्यांच्या स्वयंपाकघरांत टांगलेलें आहे.

अक्काला हें सर्व कळविलें. "म्हणजे पूर्वीं तूं शेंकडा नऊ मांसाहारी होतास, आतां शेजाऱ्याच्या पानानें पुरता झालास," असें ती म्हणाली, आणि पोह्यांना फोडणी द्यावयाची होती म्हणून तिनें फोन ठेवला.