विपळाचा चाळिसावा भाग

परवा एक लग्नपत्रिका आली. मुहूर्त १२ वाजून ३७ मिनिटांचा, आणि खाली जेवणाची वेळ '१ ते ३'. जेवणाला दोन तासांची मोकळीक, अक्षतांना एका मिनिटाचीही नाही. तो सदतीसचा आकडा डोक्यातून जाईना.

जुन्या पंचांगाला तर मिनिटही ढोबळच. अहोरात्राच्या साठ घटिका, घटिकेची साठ पळे, पळाची साठ विपळे. म्हणजे घटिका २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं आणि विपळ जेमतेम ०.४ सेकंदाचं.

घटिका भरताना मी पाहिली आहे. आजोळी मावशीच्या लग्नात माजघरात पाण्याने भरलेलं गंगाळ ठेवलं होतं आणि त्यात पातळ तांब्याची वाटी तरंगत होती. वाटीच्या बुडाला सुईने पाडावं एवढं भोक. पाणी आत यायचं, पण येताना दिसायचं नाही. आधी नुसता ओला ठिपका, मग रुपयाएवढं तळं, मग ते पसरत कडेला भिडायचं. "हात लावायचा नाही, नुसतं बघायचं," असं बजावून आजोबांनी मला शेजारी बसवलं होतं. बाहेर सनई, स्वयंपाकघरात धांदल, आणि मी त्या वाटीवरून नजर काढत नव्हतो. काठ पाण्याच्या पातळीला आला की वाटी किंचित थबकायची आणि एकदम बुडायची. गंगाळाच्या तळाला तांबं टेकल्याचा टक् असा आवाज यायचा. "घटिका भरली!" म्हणून ओरडायचं काम माझं. आजोबा भिंतीवर कुंकवाचं एक बोट उमटवायचे, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर सोडायचे. सूर्योदयापासूनचा सगळा हिशेब त्या तांबड्या बोटांत होता. पुढे वाड्याला चुना लावायची वेळ आली, तरी आजीने तेवढी भिंत सोडायला लावली.

विपळाला असं पात्र नव्हतं. ते तोंडात होतं. एक गुरू अक्षर स्वच्छ उच्चारायला लागतो तेवढा वेळ म्हणजे विपळ. अशी दहा अक्षरं म्हणजे एक प्राण, आणि सहा प्राणांचं पळ. आता मंगलाष्टकं घ्या. ती बहुधा शार्दूलविक्रीडितात असतात. चरणात अकरा गुरू, आठ लघू. दोन लघूंचा एक गुरू धरला की चरण पंधरा गुरूंचा आणि चार चरणांचा श्लोक साठ गुरूंचा. नेमकं एक पळ! हे जुळलं तेव्हा मी हरखून पुन्हा मोजून पाहिलं. आठ श्लोकांची आठ पळे, म्हणजे ३ मिनिटं १२ सेकंद. लग्नात ती आळवून म्हणतात, वेळ पुष्कळ जास्त लागतो, आणि लागू द्यावा. ध्वनिफीत लावून उरकलेली मंगलाष्टकं मला मुळीच रुचत नाहीत. जे माप माणसाच्या उच्चारावर बेतलं, ते माणसानेच म्हणावं.

भास्कराचार्य विपळाच्याही खाली उतरले. त्यांच्या सिद्धान्तशिरोमणी ग्रंथातलं त्रुटी हे माप सेकंदाचा ३३,७५० वा भाग आहे. ग्रहाच्या तात्कालिक गतीचा विचार करणाऱ्यालाच काळ इतका बारीक चिरावासा वाटणार.

आणि इतकी बारीक मापं माणसाच्या वाट्याला येतच नाहीत असं ज्याला वाटतं, त्याने १९८४ चं लॉस एंजेलिस आठवावं. स्त्रियांची ४०० मीटर अडथळ्यांची शर्यत ऑलिंपिकमध्ये प्रथमच होत होती. रुमानियाच्या क्रिस्तियाना कोजोकारूची वेळ ५५.४१ सेकंद, पी. टी. उषाची ५५.४२. विपळाचा चाळिसावा भाग, आणि कांस्यपदक गेलं. उषाचा तो राष्ट्रीय विक्रम पुढे ३९ वर्षं कुणाला गाठता आला नाही. २०२३ साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तमिळनाडूच्या विद्या रामराजने प्राथमिक फेरीत तो गाठला, सेकंदाच्या शंभराव्या भागाचाही फरक न पडता: ५५.४२. अंतिम फेरीत ती याहून थोडी हळू धावली आणि तिला कांस्यपदक मिळालं.