मृत्युपत्राचा साक्षीदार

नानाजी वारले आणि वर्षाच्या आत त्यांच्या थोरल्या मुलीनं अकोल्याच्या दिवाणी न्यायालयात वाटणीचा दावा लावला. गावाला ते रुचलं नाही. बापाच्या सहीवर लेक संशय घेते, असं लोक बोलू लागले. नानाजींच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून माझी सही होती. दुसरे साक्षीदार तोवर निवर्तले होते. त्यामुळे मुलाच्या बाजूनं साक्ष द्यायला मलाच अमरावतीहून अकोल्याला जावं लागलं.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातली बाराही एकर जमीन नानाजींनी मुलाला लिहून दिली होती. दोन्ही मुलींचं त्यात नावही नव्हतं. मृत्युपत्र नोंदवलेलं, फेरफारही झालेला. मुलाला वाटे, आता कोण काय करणार? त्याच्या वकिलांनीच त्याला समजावलं की फेरफार महसुलापुरता असतो, त्यानं मालकी ठरत नाही. नोंदवलेलं मृत्युपत्रसुद्धा न्यायालयात सिद्ध करावं लागतं, आणि तो भार ते पुढे करणाऱ्यावर असतो. संशयाला जागा असेल तर तीही त्यानंच दूर करायची, हे सर्वोच्च न्यायालयानं 1958 साली व्यंकटाचल अय्यंगार खटल्यात सांगितलं आहे.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी मुलगा मला म्हणाला, "गुरुजी, मी त्या रोजी वावरात होतो असं सांगजा."

मी नाही म्हटलं. मृत्युपत्रावर सही झाली त्या दिवशी तो ओसरीवर बसला होता आणि अर्जनवीसालाही तोच घेऊन आला होता. ज्याला जमीन मिळणार तोच कागद करून घेण्यात पुढे असेल, तर न्यायालय ते बारकाईनं पाहतं, हे मला ठाऊक होतं. पण शपथेवर खोटं बोलून नानाजींची इच्छा खरी कशी ठरणार?

उलटतपासणी बराच वेळ चालली. कागद कोणी वाचला, नानाजींना दिसत होतं का, मुलींना वगळण्याचं कारण त्यांनी सांगितलं का? शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर 'नाही' होतं. सगळ्यात जास्त प्रश्न दुसऱ्या साक्षीदाराबद्दल होते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे दोन्ही साक्षीदारांनी मृत्युपत्र करणाऱ्याच्या समक्ष सही करावी लागते. साक्ष एकाची पुरते, पण त्यानं दुसऱ्याच्या सहीचंही सांगितलं पाहिजे. जानकी नारायण भोईर खटल्यात साक्षीदाराला तेवढंच सांगता आलं नाही आणि 2002 मध्ये मृत्युपत्र टिकलं नाही. मी दोघांच्याही सह्या होताना पाहिल्या होत्या. नानाजींनी चष्मा लावून स्वतः कागद वाचला, गट क्रमांक चुकलेला पाहून तो खोडायला लावला आणि शेजारी सही केली, हेही मी सांगितलं.

थोरली समोर बसून ऐकत होती. तिचा मला राग आला नाही. बाप कशावर सही करून गेला हे विचारायचा हक्क तिला होता, आणि ते विचारायला न्यायालयाखेरीज दुसरी जागा नव्हती.

मृत्युपत्र सिद्ध झालं, पण त्यानं मुलाला बारा एकर मिळाले नाहीत. नानाजींचे वडील 1956 च्या आधी वारले होते, जमीन वडिलोपार्जित होती. अशा जमिनीत माणूस मृत्युपत्रानं फक्त आपला हिस्सा देऊ शकतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलींना जन्मानं मुलाइतकाच हक्क आहे आणि 2020 च्या विनीता शर्मा निकालानं तो पक्का केला. नानाजींची पत्नी आधीच गेलेली. म्हणून चार हिस्से झाले, तीन-तीन एकरांचे. बापाचा हिस्सा धरून मुलाला सहा एकर, बहिणींना तीन-तीन.

हा हुकूमनामा प्राथमिक आहे. शेतसाऱ्याच्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडून होतं. कागद आता तिकडे गेले आहेत, आणि विहिरीचा तुकडा कोणाकडे जावा यावर तिघं भावंडं पुन्हा एकमेकांशी बोलू लागली आहेत.