‘पाणी म्हण, मग देतों’

आमच्या घरांत लहानथोर मिळून १४ माणसें. पंगतींत एकाचें बोलणें संपण्यापूर्वींच दुसऱ्याचें सुरू होतें. अशा घरांत धाकट्या बंधूंचा बाळ अडीच वर्षांचा झाला तरी ‘आई’खेरीज शब्द उच्चारीना, याचें कोणास फारसें कांहीं वाटलें नाहीं. “आमच्या घराण्यांत मुलगे उशिरांच बोलतात,” असें आम्हीच ऐटीनें सांगत असूं. मातोश्रींनीं जिभेला वेखंड उगाळून लावलें. शेजारच्या काकूंनीं निराळेंच निदान केलें: आई दिवसभर नोकरीवर, मग मुलाशीं बोलणार कोण? हे शब्द आमच्या भावजयीच्या कानांवर गेले. आम्ही तेथेंच होतों. आम्हीं ते खोडून काढले नाहींत.

बाळाला समजे सर्व. ‘टोपी आण’ म्हटलें कीं टोपी आणी. तहान लागली कीं आमचा हात धरून माठापाशीं नेई. तेव्हां आम्हीं एक युक्ति काढली. पेला उंच धरावयाचा आणि म्हणावयाचें, “पाणी म्हण, मग देतों.” पाहुण्यांसमोरहि हा प्रयोग चाले. आठवड्याभरांत बाळानें आमच्याकडे येणेंच सोडलें. एका दुपारीं तो न्हाणीघरांत बादलीला तोंड लावून पाणी पितांना भावजयीला दिसला. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवशीं रजा काढून ती त्याला वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे घेऊन गेली. आम्हीहि सोबत गेलों, तें मुख्यतः लाजेनें.

बाईंनीं प्रथम कानांची तपासणी करविली. कमी ऐकूं येणारें मूलहि मोठ्या आवाजाला दचकतें, हांकेला वळतें. शब्द मात्र त्याला स्पष्ट पोंचत नाहींत. म्हणून आरंभ कानांपासून करावयाचा. बाळाचे कान निर्दोष निघाले. मग बाईंनीं सांगितलें कीं, वर्षाच्या सुमारास पहिला शब्द आणि दोन वर्षांपर्यंत ‘बाबा आले’ अशीं दोन शब्दांचीं वाक्यें यावींत. न आलीं तर तज्ज्ञांना दाखवावें. कांहीं मुलें पुढें आपोआप बोलूं लागतात हें खरें, परंतु आपलें मूल त्यांतलें कीं नव्हे, हें घरबसल्या ठरवितां येत नाहीं. बाळाची अडचण भाषेच्या घडणीची होती, जिभेच्या जडपणाची नव्हे. तेथें वेखंड काय करणार? आईच्या नोकरीनें किंवा घरांत दोन भाषा असल्यानें अशी अडचण उत्पन्न होत नाहीं, हें त्यांनीं आमच्याकडे पाहूनच सांगितलें.

“त्यानें हात धरला, हेंच त्याचें मागणें,” बाई म्हणाल्या. “पाणी लगेच द्या, आणि देतांना त्याच्यासमोर बसून तुम्हीच म्हणा: पाणी. थंड पाणी.” प्रश्न कमी विचारावे, समोर चाललें असेल त्याचें नांव घ्यावें आणि मग थांबावें. हें थांबणेंच आमच्या घराला सर्वांत जड गेलें. बाळानें ओठ हलविण्यापूर्वींच चौघे उत्तर देत. शेवटीं सायंकाळचा अर्धा तास ठरविला: दूरदर्शन व मोबाइल बंद, आणि बाळाजवळ एकच माणूस.

असें मार्गदर्शन आज आपल्याकडे मिळूं शकतें. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ सालीं आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ सालीं स्थापन झाली. अशा संस्थांतून शिकलेले तज्ज्ञ अनेक शहरांत काम करीत आहेत.

सातव्या महिन्यांत बाळ पेला घेऊन आमच्यापाशीं आला व म्हणाला, “काका, पा.” आम्हीं पेला भरला तेव्हां आमचा हात स्थिर नव्हता. आज तो चार वर्षांचा आहे. वाक्यें अजून तुटक आहेत, उपचार चालूच आहेत.

शेजारच्या काकूंना द्यावयाचें उत्तर मात्र राहून गेलें होतें. तें आम्हीं परवां, घरांतील सर्वांसमक्ष आणि भावजयीच्या देखत दिलें. बोलावयास उशीर कांहीं एकट्या बाळालाच झाला नव्हता.